रोज शंभर वेळा टाचा उचलूनही पोटऱ्या भरत नाहीत, असे का?

प्रश्न

गेले आठ महिने मी वजनांचा व्यायाम नियमितपणे करीत आहे. मांड्या आणि खांदे यांत फरक दिसू लागला आहे. पोटऱ्यांचा घेर मात्र साडेचौतीस सेंटिमीटरवर अडून बसला आहे. व्यायामाच्या शेवटी, बसून टाचा उचलण्याच्या यंत्रावर, मी पंचवीस-पंचवीसचे चार सेट करतो. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या दुखत असत, आता तेही होत नाही. पोटऱ्या जन्मतःच जशा असतात तशाच राहतात, असे मला जिममध्ये सांगण्यात आले. यात कितपत तथ्य आहे, आणि माझे कुठे चुकत आहे?

उत्तर १

जन्मतः ठरते ती ठेवण. स्नायूचा मांसल भाग किती खाली उतरतो आणि तिथून टाचेपर्यंत कंडरा किती लांब असते, हे व्यायामाने बदलत नाही. जाडी बदलते.

आपली अडचण 'बसून' या शब्दात आहे, असे मला वाटते. पोटरीत प्रामुख्याने दोन स्नायू असतात. वरचा, दोन फाळ्यांचा आणि डोळ्यांना दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्याखाली दडलेला सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो. आणि दोघे मिळून एकाच कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि त्याला जोर लावता येत नाही, त्यामुळे बसून केलेल्या व्यायामात बहुतेक काम सोलियसच करतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ जणांनी बारा आठवडे एका पायाने उभे राहून आणि दुसऱ्या पायाने बसून हाच व्यायाम केला. उभ्याने केलेल्या पायात गॅस्ट्रोक्नेमियसचा बाहेरचा फाळा सुमारे १२ टक्के आणि आतला ९ टक्के वाढला. बसून केलेल्या पायात ही वाढ २ टक्क्यांच्याही आत राहिली. सोलियसची वाढ दोन्हीकडे जवळपास सारखीच, म्हणजे अल्प होती. तेव्हा यंत्र बदला, गुडघे सरळ ठेवा. उभ्याचे यंत्र नसेल तर लेग प्रेसच्या, म्हणजे बसून पायांनी वजनाची फळी ढकलण्याच्या यंत्राच्या, फळीच्या खालच्या कडेवर चवडे टेकवूनही हे करता येते, मात्र फळीचे सुरक्षा-अडसर लावलेलेच असू द्यावेत.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, पण केवळ उभे राहून भागणार नाही. पंचवीस आवर्तने सहज होतात याचा अर्थ बहुधा आपण उसळी घेत आहात. टाचेची कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि साठलेली शक्ती परत देते; चालताना व धावताना ती आपले श्रम वाचवते, आणि इथे नेमके तेच आपल्याला नको आहे.

एका पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहा. टाच तीन सेकंद मोजत खाली न्या, पोटरी पूर्ण ताणली गेली की तिथेच दोन सेकंद थांबा, म्हणजे उसळी मरते, आणि मग वर या. वरच्या टोकाला घोटाळत बसण्याची गरज नाही. ताणलेल्या अवस्थेतील काम पोटरीच्या वाढीला अधिक उपयोगी पडते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. वर टाच उचलवेनाशी झाली, तरी सेटच्या शेवटी खालच्या अर्ध्या टप्प्यातील चार-पाच आवर्तने म्हणूनच वाया जात नाहीत. आठ ते पंधरा आवर्तनांत पाय थकेल इतके वजन घ्या, चार सेट, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि शक्यतो व्यायामाच्या सुरुवातीला. पाय गळून गेल्यावर उरकलेल्या व्यायामाची पोटरी दखल घेत नाही.

प्रश्नकर्ता

काल सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. हातात वजन न घेता, एका पायावर, खाली थांबून केले तर अकराव्या आवर्तनाला पाय थरथरू लागला आणि बाराव्याला टाच अर्ध्यावरच राहिली. शंभराचा हिशेब आता सांगायलाही संकोच वाटतो. रात्री मात्र पोटरीत गोळा आला. हे चालायचेच का?

उत्तर ३

एखाद्या वेळी गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे स्वतःकडे ओढून धरावीत, तो सुटतो. पुढचे एक-दोन आठवडे दोनच सेट करा, कारण ताणलेल्या अवस्थेतील व्यायामाने नवख्या पोटऱ्या तीन-चार दिवसही दुखू शकतात. स्नायूचे दुखणे वेगळे आणि कंडरेचे वेगळे: सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाचेच्या थोडे वर आखडल्यासारखे दुखत असेल, तर वजन कमी करावे. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून अचानक चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, किंवा एकच पोटरी विनाकारण सुजून गरम लागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर १ देणारा

माप घेण्याविषयी राहून गेले. व्यायामानंतर रक्त भरून पोटरी मोठी दिसते, म्हणून फीत सकाळी, उभे राहून आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, सर्वांत जाड जागी लावावी. ती जागा गुडघ्याच्या वाटीपासून किती खाली आहे हे लिहून ठेवा. बोटभर खालीवर झाले तरी आकडा बदलतो. पुढचे माप आठ आठवड्यांनी घ्यावे. अर्धा सेंटिमीटर वाढला असेल, तर तो बराच समजावा.