डब्यात भुसा घालून धूर केला की ते राकू होतं का?

सायली_कोथरूड
परवा शनिवार-रविवार 'पारंपरिक जपानी राकू' अशी जाहिरात असलेली मातीच्या भांड्यांची कार्यशाळा करून आले. मजा आली, खोटं कशाला बोलू. गॅसच्या भट्टीतून लालभडक वाडगा लांब चिमट्याने उचलायचा, लाकडाच्या भुशाने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, भुसा भडकला की वरून झाकण दाबायचं. थोड्या वेळाने बाहेर काढला तर पांढऱ्या ग्लेझवर, म्हणजे झिलईवर, काळ्या तड्यांची जाळी आणि कडेला तांब्याची झळाळी. सगळ्यांचे फोन बाहेर!

घरी येऊन वाचायला बसले आणि चिडले. त्यात 'पारंपरिक' काही नव्हतं, 'जपानी'ही जेमतेमच. मूळ राकूत डबाही नाही आणि भुसाही नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतोमध्ये चोजिरो नावाच्या कारागिराने, ज्याचं काम एरवी कौलं घडवायचं, चहागुरू सेन नो रिक्यूसाठी वाडगे केले. चाकावर नाही, हातानेच. माती दाबत-उचलत आकार द्यायचा आणि मग पात्याने कोरायचा. काळ्या राकूची झिलई कामो नदीच्या दगडाची पूड करून. लहानशी भट्टी, कोळसा, भाता, एका वेळी एक वाडगा. झिलई वितळली की तो तसाच तापलेला बाहेर काढतात आणि हवेत थंड होऊ देतात. झटकन थंड होतो म्हणूनच तो काळा राहतो, सावकाश निवला तर तपकिरीकडे झुकतो. म्हणजे तो काळा रंग दगडातल्या लोहाचा आणि मँगेनीजचा. धुराचा त्यात काही हात नाही.

डब्याची गोष्ट १९६० नंतरची, कॅलिफोर्नियातली. तिला खुशाल 'धूरभाजणी' म्हणा. राकू का म्हणता?

भट्टीवाला
सायलीताई, जाहिरातीतला 'पारंपरिक' शब्द चूक, तेवढं मान्य. पुढचं नाही. अठरा वर्षं भट्टी लावतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

अमेरिकन कुंभार पॉल सोल्डनर १९६० साली एका हस्तकला मेळ्यात प्रात्यक्षिक द्यायला गेला होता. राकूबद्दल त्याने इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचच्या पुस्तकात वाचलं होतं, तेवढ्या भांडवलावर भट्टी रचली. भांडी बाहेर काढली तर काहीच मजा नाही. म्हणून एक तापलेलं भांडं त्याने तिथल्या झाडाच्या पडलेल्या पानांत लोळवलं. पानं पेटली, धूर माती प्यायली आणि त्याला हवं ते मिळालं. ही फसवणूक नाही हो, फसलेल्या प्रयोगातून निघालेली वाट आहे.

आणि दोन्हीतला अवघड भाग एकच आहे: तापलेलं भांडं भट्टीतून ओढून बाहेर काढणं. साध्या मातीचं भांडं असं काढलं तर तडकून दोन तुकडे. म्हणून मातीत भाजलेल्या मातीचा भरडा घालावा लागतो, अंग थोडं सच्छिद्र ठेवावं लागतं. हे ज्ञान चोजिरोकडेही होतं, माझ्याकडेही आहे. डब्यातला भाग त्यानंतरचा. झाकण लावलं की आतला प्राणवायू संपतो, आग तो झिलईतल्या कॉपर ऑक्साइडमधून ओढून घेते आणि तांबं उघडं पडतं. ग्लेझ नसलेली माती कार्बन पिऊन काळी होते. यात कुणाचं काय चोरलं?

तोक्योकर
नाव चोरलं. इथे आठ वर्षं राहतोय. राकू ही मुळात पद्धत नाही, ते एका घराचं आडनाव आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. त्या काळचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या जुराकुदाई वाड्याच्या नावातलं 'राकू' हे अक्षर, आणि त्याचा शिक्का त्यानेच या घराला दिला असं परंपरा सांगते. (गंमत म्हणजे स्वतः हिदेयोशीने सोन्याने मढवलेली चहाची खोली करून घेतली होती आणि नाव मिळालं ते या काळ्या, ओबडधोबड दिसणाऱ्या वाडग्यांना.) चोजिरोपासून घर चालू आहे, २०१९ पासून सोळावी पिढी. क्योतोत त्यांचं संग्रहालय आहे. आजच्या पिढीने जमवलेली माती पुढच्यांसाठी साठवून ठेवतात. झिलईची कृती मात्र लिहून देत नाहीत. ज्याची त्याने शोधायची.

१९७८ साली क्योतोत सोल्डनर आणि राकू घराण्याचे चौदावे प्रमुख किचिझाएमोन समोरासमोर आले, तेव्हा याच नावावरून खडाजंगी झाली. चौदाव्यांचं म्हणणं साधं होतं: नाव आमचं, तुम्ही तुमच्या नावाने करा. मला ते पटतं. उद्या कुणी हार्मोनियमवर रॉक वाजवून 'अमुक घराण्याची गायकी' म्हणाला तर आपण ऐकून घेऊ का?

भट्टीवाला
तोक्योकर, तुम्हीच माझी बाजू मांडलीत. ज्या घरात बाप मुलाला झिलईची कृती देत नाही, स्वतः शोध म्हणतो, त्या घराची परंपरा म्हणजे कृती नव्हेच. मग सोल्डनरने स्वतःची शोधली तर एवढं काय बिघडलं?

तोक्योकर
मुलाने शोधणं आणि वाटसरूने पाटी लावणं यात फरक आहे.

खापरपणजोबा
'नाव फक्त एका घराचं' हे जपानमध्येही कधी पूर्ण खरं नव्हतं. कानाझावाचं ओही घराणं घ्या. चौथ्या राकूंचा शिष्य चोझाएमोन १६६६ साली तिकडे गेला, मधासारख्या रंगाची झिलई काढली आणि त्याच्या वंशाचं काम आजही चालू आहे. राकूच्या पद्धतीनेच, पण 'ओही' या नावाने. म्हणजे तोक्योकरांचा मुद्दा इथे थोडा टिकतो, तेही कबूल करतो.

पण पुढचं ऐका. १९११ साली लीच तोक्योत एका जमावात गेला होता. तिथे पाहुण्यांना कच्ची भाजलेली भांडी रंगवायला दिली, तिथल्या तिथे झिलई लावून भाजली आणि तापलेली बाहेर काढली. तो जमाव राकूचाच म्हणवला जाई! लीच त्या दिवसापासून कुंभार झाला. सायलीताईंची वीकेंड कार्यशाळा ही सोल्डनरच्या आधीची, अस्सल जपानी गोष्ट आहे. भुसा तेवढा अमेरिकन.

आणि धुराने काळं करणं तर कुणाच्याच बापाचं नाही. विदर्भात महापाषाणकालीन दफनांतून काळी-तांबडी खापरं निघतात: माहुरझरी, जुनापाणी. आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. हवा कुठे लागू द्यायची आणि कुठे कोंडायची हे त्या लोकांना चांगलं कळत होतं.

मधुमालती_क
मला यातली माती कळत नाही, पण हे कोल्हापुरी चपलेसारखंच झालं की! परदेशी लोकांनी उचलायचं आणि आपण कौतुक करायचं.

खापरपणजोबा
नाही पटत, मधुताई. कोल्हापुरीत नावही घेतलं नाही आणि श्रेयही दिलं नाही, म्हणून लोक भडकले. इथे उलटं आहे. सोल्डनरच्या लोकांनी नाव घेतलं, मूळही सांगितलं, वस्तू मात्र दुसरीच केली. तक्रार असलीच तर उलट्या दिशेची आहे.

सायली_कोथरूड
खापरपणजोबा, १९११ च्या जमावाने माझी थोडी पंचाईत केली. 'जपानी' शब्दावरची माझी कुरकुर मागे घेते. नावावरचा हट्टही थोडा सोडते, निदान 'अमेरिकन राकू' म्हणा, चालेल.

पण माझा खरा त्रास नावाचा नव्हताच, हे तुमच्याशी भांडताना कळलं. रिक्यूला वाडगा हवा होता तो दोन्ही हातांत धरायला. जाड, मऊ अंगाची माती, आत गरम चहा असूनही तळवे भाजत नाहीत, ऊब सावकाश येते. ओठ टेकतो तो काठ, आतला तळ, सगळं पिणाऱ्यासाठी. कार्यशाळेत दोन दिवसांत 'हातात धरून बघा' असं एकदाही कुणी म्हणालं नाही. 'फोटो काढा' मात्र चार वेळा म्हणाले. चाकावर केलेल्या, हलक्या, पातळ वाडग्याला झळाळी आणली की झालं.

भट्टीवाला
हा मुद्दा खरा आहे आणि तो मला लागला. माझ्याकडेही लोक झळाळीसाठीच येतात. तरी एक सांगतो: मूळ राकूतलं सगळंच काही सोज्वळ नव्हतं. जुन्या लाल राकूच्या झिलईत शिसं असायचं, आज कुणी वापरलं तर मीच ओरडेन. आणि तुमची ती तांब्याची झळाळी जपून ठेवा. हवेने पुन्हा ऑक्साइड धरतं. दोन-तीन वर्षांत मंद होईल, हिरवट होईल. मग मला शिव्या द्यायच्या नाहीत.

तोक्योकर
सायली, त्यात चहा पिऊन पाहिलात का?

सायली_कोथरूड
पिऊ नका असं तिथे सांगितलं होतं, तड्यांतून झिरपतं म्हणून. तोंड लावलं नाही, पण काल रात्री हट्टाने साधं गरम पाणी ओतलं. हातात धरून बसले. बोटं भाजली, कारण भिंत पातळ. दहा मिनिटांनी टेबलावर गोल ओला डाग. आता त्यात किल्ल्या ठेवते.

भट्टीवाले, जाड मातीचा, हाताने घडवलेला, डब्याशिवायचा एक वाडगा करायला शिकवाल का? दोन दिवसांत नाही झाला तरी चालेल.

भट्टीवाला
कोळशाची भट्टी मी कधी लावलेली नाही. भाता मारायला माणूस घेऊन या, दोघं मिळून फोडू पहिले दहा.