न्यू ऑर्लीन्स: मद्यपान न करणाऱ्याने बारमधील जॅझ कसे ऐकावे?

षड्जपंचम

येत्या एप्रिलमध्ये कामानिमित्त न्यू ऑर्लीन्स येथे जाणे होणार असून संध्याकाळी मला मोकळा वेळ मिळेल. माझा कान हिंदुस्थानी रागसंगीतावर घडलेला आहे. जॅझ मी आजवर ध्वनिमुद्रणांतूनच ऐकले आहे, त्यामुळे ज्या शहरात ते जन्मले तेथे बसून ते ऐकण्याची फार इच्छा आहे. मात्र तेथील बहुतेक मैफली बारमध्ये होतात आणि मी मद्यपान करीत नाही. केवळ ऐकण्यासाठी आलेल्या माणसाला तेथे संकोच न वाटता बसता येते का? बर्बन स्ट्रीट की फ्रेंचमेन स्ट्रीट, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. सोबत माझी एकोणीस वर्षांची मुलगी असेल. ती व्हायोलिन शिकते.

रातराणी

आपण निःसंकोच जावे, आणि फ्रेंचमेन स्ट्रीटवरच जावे. बर्बन स्ट्रीट फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीच्या मध्यातून जातो. तेथे गर्दी आणि गोंगाट अधिक, आणि बहुतेक बारमध्ये लोकप्रिय रॉक-पॉप गाणीच वाजतात. फ्रिट्झेल्ससारखी पारंपरिक जॅझची जागा तेथेही आहे, पण ती अपवाद म्हणावी अशी. एस्प्लनेड अव्हेन्यू ओलांडला की मॅरिनी ही वस्ती लागते आणि तेथून फ्रेंचमेन स्ट्रीट सुरू होतो. स्पॉटेड कॅट, डी.बी.ए. आणि स्नग हार्बर ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत.

त्यांतील स्नग हार्बर येथे तिकीट काढून, खुर्चीवर बसून, शांतपणे ऐकायचे असते. पियानोवादक एलिस मार्सालिस यांनी अनेक दशके तेथे शुक्रवारी रात्री वादन केले. २०२०मध्ये त्यांचे निधन झाले. रागसंगीताच्या श्रोत्याने सुरुवात येथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. स्पॉटेड कॅटमध्ये मात्र जागा अगदी लहान, बहुतेक श्रोते उभे, आणि वादक हाताच्या अंतरावर.

मद्याची अडचण नाही. अनेक बारमध्ये प्रत्येक सत्राला प्रत्येकी एक पेय घेण्याची अपेक्षा असते. सोडा किंवा शीतपेय घेतले तरी ती पूर्ण होते. खरा शिष्टाचार वेगळाच आहे. सत्र संपत आले की वादकांपैकी कोणीतरी बादली किंवा बरणी घेऊन श्रोत्यांमधून फिरतो. जेथे प्रवेशशुल्क नाही, तेथे वादकांच्या कमाईचा मोठा भाग त्या बादलीतूनच येतो. म्हणून पाच-दहा डॉलरच्या सुट्या नोटा खिशात ठेवाव्यात आणि बादली येण्याआधी दाराबाहेर पडू नये. दोन गाणी ऐकून पुढच्या दारात शिरणारे पर्यटक तेथे पुष्कळ दिसतात. त्यांना संगीत मिळत नाही आणि वादकांना मोबदला मिळत नाही. एका रात्री दोनच ठिकाणे निवडावीत आणि दोन्हीकडे पूर्ण सत्र ऐकावे.

दक्षिणवारा

मुलीबाबत आधीच सावध करतो. अमेरिकेत मद्यपानाचे वय २१ वर्षे आहे आणि न्यू ऑर्लीन्समधील अनेक बार त्याहून लहान व्यक्तीला, ती मद्य घेणार नसली तरी, दारातच थांबवतात. दोघांचीही पारपत्रे जवळ ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी आधी चौकशी करा.

तिच्यासाठी प्रिझर्वेशन हॉल उत्तम. १९६१पासून चालत आलेली ही जागा फ्रेंच क्वार्टरमध्ये सेंट पीटर स्ट्रीटवर आहे आणि तेथे सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश मिळतो. मद्यविक्री नाही, ध्वनिवर्धक नाहीत, छायाचित्रे काढण्यास परवानगी नाही. थोडी बाके, पुढे जमिनीवर गाद्या आणि मागे उभे राहण्यापुरती जागा, असा एकंदर थाट आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखा असतो. सत्र सुमारे पाऊण तासाचे असते; तिकीट आधीच काढून ठेवावे. एप्रिलमध्येच फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल असतो, त्याच्या तारखा आपल्या मुक्कामाशी जुळल्या तर उघड्या मंचांवरचे वादन तिला विनामूल्य ऐकता येईल. कोणत्या रात्री कोठे कोण वाजवणार, हे डब्ल्यूडब्ल्यूओझेड या स्थानिक रेडिओ केंद्राच्या संकेतस्थळावर पाहता येते.

मंद्रसप्तक

कानांची काळजी घ्या, असे मी कळकळीने सांगतो. लहान खोलीत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम एकत्र वाजू लागले की आवाज सहज धोक्याच्या पातळीवर जातो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यासंबंधी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. संगीतकार वापरतात तसे कानातले बोळे घ्यावेत, कारण त्यांनी स्वर दबत नाहीत, आवाज तेवढा कमी होतो. उभे राहायचे झाल्यास पितळी वाद्यांच्या तोंडासमोर राहू नये, बाजूला सरकावे. धुराची चिंता मात्र नको, २०१५पासून तेथील बारमध्ये धूम्रपानास बंदी आहे.

षड्जपंचम

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक विचारतो: रागसंगीताच्या श्रोत्याने नेमके कशाकडे लक्ष द्यावे? आणि दाद केव्हा द्यावी?

रातराणी

आवर्तन मोजायला लागा, सगळे उलगडेल. ब्लूजचे एक आवर्तन बहुधा बारा मापांचे असते, प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. आधी सर्वजण मिळून मुख्य चाल वाजवतात, मग एकेक वादक एक किंवा अनेक आवर्तने घेऊन उपज करतो, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो, आणि शेवटी चाल परत येते. प्रत्येकाची उपज संपताच, गाणे चालू असतानाच टाळ्या द्यायच्या असतात. शेवटपर्यंत थांबू नये.

न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या शैलीत मात्र अनेकदा सगळे एकदम उपज करतात. ट्रम्पेटने चाल धरलेली असते, क्लॅरिनेट तिच्यावरून वेलबुट्टी काढत जाते आणि ट्रॉम्बोन खालून घसरत येतो. ट्रॉम्बोनची नळी सरकताना एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी जी मींड निघते ती आपल्या मुलीला चटकन ओळखू येईल, कारण व्हायोलिनवर तिचे बोट हेच करते. प्रथम ऐकताना एकाच वाद्याचा माग काढावा आणि पुढच्या गाण्यात दुसऱ्याचा.

टाळीने ठेका धरायचा झाल्यास एक गोष्ट लक्षात असू द्यावी. आपला हात समेच्या सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो. तेथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात.