विधानातून अर्थाचा एक भाग वजा करता येतो का?

यावलकर:
मंडळी, एक प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. वादळानंतर आमच्या शेजारच्या काकांची केळीची बाग आडवी झाली, घड भरलेले, खोडं मधूनच मोडलेली. पंचनाम्यात आलं "बाग आडवी झाली", काका म्हणतात "वादळामुळे आडवी झाली" असं लिहा. आता काकांच्या वाक्यातून पंचनाम्यातलं वाक्य वजा केलं तर बाकी काय उरते? "वादळ आलं" म्हणावं तर कमी पडतं, कारण वादळ येऊनही बाग कंद सडल्याने पडू शकते. मग ही बाकी मांडता येते का, की इथे वजाबाकीच होत नाही?

भुसावळचा मास्तर:
भारी प्रश्न आहे भो. विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाच्या १९५३ साली छापलेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' पुस्तकात, कलम ६२१ मध्ये, हेच आहे: "मी हात वर करतो" यातून "हात वर जातो" काढलं तर काय उरतं? लॉजिकचं सरळ उत्तर असं की अ मधून ब काढायचा तर "ब असेल तर अ" घ्यायचं, कारण ब ला जोडल्यावर अ परत मिळवून देणारं सगळ्यात कमजोर, म्हणजे कमीत कमी दावा करणारं, वाक्य तेच. म्हणजे "बाग आडवी झाली असेल तर वादळामुळेच झाली".

धुळ्याहून:
मास्तर, हे मला अजिबात पटत नाही. ज्याची बाग धड उभी आहे त्याच्याबाबतीतही हे वाक्य लॉजिकच्या हिशोबाने खरं ठरतं, आणि ते फक्त बाग पडलीच नाही म्हणून, वादळाचा त्यात काही संबंधच नाही! स्टीफन याब्लो या तत्त्वज्ञाने २०१४ च्या 'अबाउटनेस' या पुस्तकात नेमकं इथेच बोट ठेवलंय, तो म्हणतो "ब असेल तर अ" कशामुळे खरं आहे ते बघा, आणि ब खोटा आहे एवढंच कारण असेल तर ते धरू नका. "वादळ आलं आणि बाग पडली" यातून "बाग पडली" काढा, बाग उभी असली तरी "वादळ आलं" स्वतःच्या जोरावर खरं किंवा खोटं राहतं. वजाबाकी स्वच्छ झाली. पण "केळं पिवळं आहे" मधून "केळ्याला रंग आहे" काढून बघा, रंगच नसलेल्या केळ्यात पिवळेपणाचा कुठला भाग शिल्लक राहणार? काकांचं वाक्य मला या दुसऱ्या जातीचं वाटतं, "मुळे" ला पडलेली बाग लागतेच.

मास्तर:
हे मान्य. पण मग वजाबाकी फक्त "आणि" वाल्या वाक्यांतच चालते असं समजू नका. "या घडातल्या फण्यांची संख्या ९ आहे" यातून "संख्या नावाच्या वस्तू असतात" काढा. इथे कुठेच "आणि" नाही, तरी उरतं ते पक्कं: एक फणी, तिच्याहून वेगळी दुसरी, असं करत नऊ, आणि दहावी नाही. संख्या खरंच असतात की नाही यावर भांडणाऱ्यांना याब्लोची ही युक्ती म्हणूनच कामाची वाटते.

यावलकर:
हे फण्यांचं आवडलं. मग "त्याने मुद्दाम बांध फोडला" मधून "बांध फुटला" काढलं तर? तिथे निदान इरादा तरी उरतो ना, बांध फुटला नाही तरी? की इरादा वेगळा आणि "मुद्दाम फोडणं" वेगळं? कोणी सांगा.