किटोअॅसिडोसिसमधील पोटदुखी आणि अपेंडिक्सची सूज : फरक कसा ओळखावा?

प्रश्न (निवासी डॉक्टर) :
टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाला किटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी किटोन साचून रक्ताची आम्लता वाढणे) झाला की उलट्या आणि पोटदुखी वारंवार आढळते, रक्तातील पांढऱ्या पेशीही वाढलेल्या असतात; अपेंडिक्सला सूज आली तरी चित्र जवळपास हेच असते. शिवाय त्या सुजेमुळेच किटोअॅसिडोसिस उद्भवलेला असू शकतो. मग दुखणे रक्तातील या आम्लतेचे की पोटातल्या आजाराचे, हे पहिल्या काही तासांत कसे ठरवावे?

उत्तर (अतिदक्षता विभाग) :
दुखणे आणि आम्लता यांचा मेळ बसतो का, ते आधी पाहावे. आम्लता जितकी तीव्र, तितकी केवळ तिच्यामुळे पोट दुखण्याची शक्यता अधिक. रक्तातील बायकार्बोनेट (आम्लता वाढली की हे घटते) १५ mEq/L च्या वर, म्हणजे आम्लता सौम्य असूनही रुग्ण कळवळत असेल, तर कारण पोटात शोधावे. सलाइन आणि पोटॅशियम पाहून दिलेले इन्सुलिन यांमुळे आम्लता उतरू लागली की दुखणेही उतरायला हवे. पांढऱ्या पेशींवर मी फारसा विसंबत नाही, कारण संसर्ग नसतानाही त्या वाढतात, अमायलेझचेही (स्वादुपिंडाच्या सुजेत वाढणारे विकर) तेच. ताप असल्यास त्याला महत्त्व द्यावे, मात्र नसल्यास निर्धास्त होऊ नये. या रुग्णांत संसर्ग असूनही तापमान सामान्य किंवा कमी राहू शकते.

उत्तर (शल्यचिकित्सक) :
हे मान्य, पण आम्लता उतरेपर्यंत थांबण्याचा नियम सरसकट लावणे धोक्याचे आहे. पोट मऊ असेल आणि दुखणे एका जागी नसेल, तरच थांबावे, आणि तेव्हाही शक्यतो एकाच डॉक्टरने पोट पुन्हापुन्हा तपासावे. दुखणे आधी व उलट्या नंतर सुरू झाल्या असतील, उजवीकडे खाली एकाच जागी दुखत असेल, हात लावताच स्नायू ताठरत असतील, तर किटोअॅसिडोसिसचे उपचार चालू ठेवूनच सोनोग्राफी किंवा सीटी करावे. शस्त्रक्रिया ठरली, तरी भूल देण्यापूर्वी शरीरातील पाणी आणि पोटॅशियम शक्य तितके सावरून घ्यावे. निदान झाकले जाईल या भीतीने वेदनाशामक रोखण्याची जुनी रीत मात्र सोडलेली बरी.

उत्तर (फिजिशियन) :
स्नायू ताठरण्याच्या खुणेला एक मोठा अपवाद आहे. रुग्ण दीर्घकाळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत असेल, तर आतड्याला छिद्र पडूनही पोट मऊ लागू शकते, आणि स्टेरॉइडमुळे साखर व पांढऱ्या पेशी वाढत असल्याने गोंधळात भरच पडते. अशा रुग्णात पोटाच्या खुणांची वाट न पाहता सीटीचा निर्णय लवकर घ्यावा.