शब्दचर्चा : इम्प्रेशनिझमला ‘दृक्प्रत्ययवाद’ म्हणायचं का? आणि बाकीच्या ‘वादां’चं काय?

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवते. यंदा एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांसाठी वर्गाच्या एका भिंतीवर युरोपातल्या चित्रांच्या प्रिंट्स लावतेय, इटलीच्या जिओत्तोपासून विसाव्या शतकातल्या डच मोंद्रियानपर्यंत. प्रत्येक प्रिंटखाली मराठीत दोन-तीन ओळींची पाटी लिहायची आहे. चित्रकाराचं नाव, साल, गाव इथपर्यंत काही अडचण नाही, पण शैलीचं नाव लिहायला घेतलं की पेन थांबतं. विश्वकोशात आणि कलेच्या मराठी पुस्तकांत शब्द आहेत, दृक्प्रत्ययवाद, घनवाद, रंगभारवाद, अभिव्यक्तिवाद, अतिवास्तववाद वगैरे, ते मेहनतीने घडवलेत याबद्दल मनापासून आदर आहे. पण क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्राखाली मी ‘दृक्प्रत्ययवाद’ (म्हणजे इम्प्रेशनिझम) लिहिलं तर आठवीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, “बाई, प्रत्यय म्हणजे ते शब्दाच्या शेवटी लागतात तेच का?”

तिचं काहीच चुकलं नाही, तिला व्याकरणाच्या तासाला तेच शिकवलंय. तर प्रश्न असा की हे शब्द ठेवावेत, सोपे करावेत की सरळ इम्प्रेशनिझम, क्यूबिझम असं देवनागरीत लिहावं? प्रत्येकाचं मत हवंय आणि मतामागचं कारणही.

प्रतिसाद १

माझं मत दृक्प्रत्यय ठेवा, वाद काढा. सांगतो का ते.

दृक् म्हणजे नजर, आणि प्रत्यय हा शब्द व्याकरणाबाहेर आपण रोज वापरतोच की, “त्याच्या चांगुलपणाचा प्रत्यय आला” म्हणतो म्हणजे ऐकीव नाही, स्वतःला जाणवलं. त्यामुळे दृक्प्रत्यय म्हणजे डोळ्याला त्या क्षणी जे जाणवलं ते. ज्याने कोणी हा शब्द काढला त्याने नुसता कोश उघडून ‘ठसा’ किंवा ‘छाप’ घेतलं नाही, चित्रांकडे बघून शब्द केलाय. छाप म्हटलं असतं तर छापखाना आठवला असता, आणि ‘छाप पाडणे’ म्हणजे तर समोरच्यावर प्रभाव टाकणं, इथे उलट आहे, समोरचं दृश्य चित्रकारावर उमटतंय.

पण ‘वाद’ला माझी हरकत आहे. वाद म्हटलं की तत्त्व आलं, मांडणी आली, अद्वैतवाद, समाजवाद. या लोकांनी असली काही मांडणी केलीच नव्हती. 15 एप्रिल 1874 ला पॅरिसमध्ये बुलव्हार दे कापुसिनवर नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत जे प्रदर्शन भरलं ते भरवणाऱ्यांनी स्वतःला काय म्हटलं होतं, तर चित्रकार, शिल्पकार, उत्कीर्णक (कोरून छापचित्रं करणारे) वगैरेंची एक सोसायटी, बस. मोने, रन्वार, पिसारो, सिस्ले, देगा, सेझान, बेर्त मोरिझो, सगळ्यांची कामाची पद्धत वेगवेगळी, समान गोष्ट एकच की सरकारी सलोंच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत मोठ्या प्रदर्शनाच्या, ज्यूरीपुढे जायचं नव्हतं. दहा दिवसांनी ‘ल शारिवारी’ नावाच्या टिंगलटवाळीच्या पेपरात लुई लरवाने त्या प्रदर्शनावर लेख लिहिला, त्यात एक काल्पनिक म्हातारा अकादमीवाला चित्रकार प्रदर्शनात फिरतोय आणि एकेक चित्र बघून त्याचं डोकं फिरत चाललंय अशी कल्पना, आणि मोनेच्या चित्रापुढे तो म्हणतो की नुसता कच्चा वॉलपेपरसुद्धा या समुद्रापेक्षा जास्त पुरा झालेला असतो. लेखाचं शीर्षकच ‘इम्प्रेशनिस्टांचं प्रदर्शन’. शिवीच होती ती. पुढे 1877 च्या तिसऱ्या प्रदर्शनाला त्यांनी तेच नाव आपणहून लावलं, देगाला मात्र ते शेवटपर्यंत आवडलं नाही.

तेव्हा पाटीवर ‘दृक्प्रत्यय चित्रशैली’ लिहा आणि खाली एक ओळ टाका की हे नाव टिंगल करणाऱ्याने दिलं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला जोडून. मी पॅरिसजवळ राहते, पॅरिसच्या मार्मोतां म्युझियममध्ये मोनेचं ते मूळ सूर्योदयाचं चित्र आहे, दोन-तीनदा बघून आलेय. पहिल्यांदा गेले तेव्हा आकार बघून चकित झाले, 48 बाय 63 सेंटिमीटर फक्त, आपल्या ड्रॉइंगच्या फुलसाइज कागदापेक्षा लहान. 1872 चं, ल हाव्र बंदराचं, खिडकीतून केलेलं. जवळून बघितलं तर मागची जहाजं, क्रेन, चिमण्या म्हणजे नुसते निळसर राखाडी पातळ फराटे, मधे मधे कॅनव्हास दिसेल इतके पातळ, आणि सूर्य तेवढा जाड, नारिंगी रंगाचा एकच गोळा, त्याखाली पाण्यात सात-आठ आडवे नारिंगी फटकारे. मोनेने नंतर सांगितलं होतं की कॅटलॉगसाठी नाव विचारलं तेव्हा याला ल हाव्रचं दृश्य म्हणणं काही बरोबर होईना, म्हणून म्हटलं ‘इम्प्रेशन’ लिहा. म्हणजे चित्रकारांच्या बोलण्यात तो शब्द आधीपासून होताच, निसर्गासमोर बसून झटपट केलेल्या कच्च्या कामाला म्हणायचे. आपल्याकडे आर्ट स्कूलची मुलं ‘क्विक स्टडी’ म्हणतात ना, साधारण त्या जातीचा.

ताई, मुलांना एक करून दाखवा. चित्राचा मोबाइलवर फोटो घ्या आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी हे लिहिलंय, सूर्याचा उजळपणा आणि भोवतीच्या आकाशाचा उजळपणा जवळपास सारखाच ठेवलाय, फरक फक्त रंगाचा. आणि मेंदूतला जो भाग जागा नि हालचाल ओळखतो त्याला रंग कळत नाही, उजळ-काळोखच कळतो, म्हणून त्या भागाला सूर्य सापडत नाही आणि तो एका जागी न ठरता थरथरल्यासारखा दिसतो. दृक्प्रत्यय म्हणजे काय हे समजवायला याहून सोपा धडा मला तरी माहीत नाही. शब्द बिलकुल बदलू नका.

प्रतिसाद ३

‘रंगभारवाद’ हा शब्द मात्र मला पटत नाही, फॉव्हिझमसाठी. फॉव्ह म्हणजे जंगली श्वापदं. 1905 साली पॅरिसच्या शरद सलोंमध्ये मातीस, दरँ, व्लामिंक वगैरेंची भडक चित्रं एका खोलीत टांगली होती आणि त्याच खोलीत मधोमध एक साधं जुन्या इटालियन वळणाचं शिल्प ठेवलेलं. लुई व्होसेल नावाच्या समीक्षकाने लिहिलं, श्वापदांमध्ये दोनातेल्लो (जुना इटालियन शिल्पकार)! झालं, नाव पडलं. मातीसने बायकोचं जे चित्र केलं होतं, मोठी हॅट घातलेली, तिच्या नाकावर कपाळावर सरळ हिरवा रंग लावलाय, लोकांना ती थट्टा वाटली.

आता रंगभारवाद हा अर्थ म्हणून चूक नाहीच, रंगावर भार दिला हे खरंच आहे. पण त्यातलं श्वापद गेलं. ते ऐकलं की मुलाला वाटेल कोणी शांतपणे बसून ठरवलं की आपण रंगावर भार देऊया. खोलीत शिरल्यावर अंगावर आल्यासारखं वाटलं हा जो मुद्दा आहे तो त्या शब्दात येत नाही. मी तर ‘फॉव्ह’ असंच लिहीन आणि अर्थ सांगीन.

आणि गंमत म्हणजे घनवादाला नाव मिळालं तेही याच माणसामुळे, 1908 ला ब्राक या फ्रेंच चित्रकाराची लेस्ताक गावाची चित्रं बघून व्होसेलने लिहिलं की हा सगळ्याचं भूमितीत, घनांत रूपांतर करतो. तिथे मात्र ‘घन’ हा आपला भूमितीच्या पुस्तकातलाच शब्द आहे, क्यूब म्हणजे घन, काही सांगावंही लागत नाही. घनवाद झकास आहे, ठेवा.

प्रतिसाद ४

गोव्यातून लिहितोय. बरोकचं, म्हणजे रेनेसाँसनंतरच्या त्या युरोपीय शैलीच्या नावाचं, भाषांतर कृपया कोणी करू नका!

शब्द बहुतेक पोर्तुगीज ‘बार्रोको’वरून, म्हणजे वाकडातिकडा, गोल नसलेला मोती. काही लोक तर्कशास्त्रातल्या एका अवघड सूत्राच्या नावावरून आला असंही म्हणतात, पण मोती जास्त मानला जातो. अठराव्या शतकात हाही हिणवायचाच शब्द होता, अति अलंकार केला, प्रमाण सोडलं, की बरोक. 1888 ला व्योल्फलिन या स्विस अभ्यासकाने रेनेसाँस आणि बरोक समोरासमोर ठेवून पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर तो शैलीचं नाव म्हणून मानाने वापरला जाऊ लागला. ‘अलंकारप्रचुर शैली’ वगैरे म्हटलं तर पुन्हा तो जुना आरोपच आपण मराठीत करतो असं होईल.

मुलांची सहल कधी जुन्या गोव्याला आली तर बॉम जेझू बॅसिलिका दाखवा. बाहेरून गिलावा नसलेला जांभा दगड, 1605 ला पूर्ण झालेली. आत सेंट झेवियरच्या शवपेटीखाली जो संगमरवरी चौथरा आहे तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने केलेला, मेदिची घराण्यातल्या कोझिमो तिसऱ्याची भेट, 1698 साली इथे बसवला. चौथऱ्यावरचे देवदूत आणि ब्राँझचे पट बघताना नजर कुठे थांबतच नाही, सारखी फिरत राहते. पाटीवरच्या चार शब्दांपेक्षा ते बघून बरोक लवकर कळतं.

प्रतिसाद ५

गॉथिकचंही, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या त्या बांधणीचंही, तेच आहे. 410 मध्ये रोम लुटणारे गॉथ टोळीवाले आणि फ्रान्समधलं शार्त्रचं कॅथीड्रल यांचा काडीचा संबंध नाही, मधे सातशे वर्षं गेलीत. पॅरिसजवळ सँ-दनीच्या मठाच्या चर्चचा मठाधिपती सुजेरच्या वेळी 1144 ला जो भाग पुरा झाला तिथून ही बांधणी सुरू झाली असं मानतात, टोकदार कमानी, भिंतीचा भार बाहेरच्या आधारांवर टाकायचा म्हणजे मधे मोठमोठ्या रंगीत काचा बसवता येतात. त्या काळात तिला ‘फ्रेंच धाटणीचं काम’ म्हणायचे. वासारी या इटालियन चित्रकार-लेखकाने 1550 च्या पुस्तकात ही बांधणी गॉथांच्या माथी मारली, म्हणजे रानटी लोकांची, कारण त्याला रोमन पद्धत परत आणणारे आपले फ्लॉरेन्सवाले थोर ठरवायचे होते. आणि आज आपण सीएसएमटीला अभिमानाने गॉथिक म्हणतो, युनेस्कोच्या यादीतल्या वर्णनातसुद्धा गॉथिक हा शब्द आहे. शिवी झिजून झिजून बिरुद झाली.

त्याच वासारीने ‘रिनाशिता’ हा शब्द वापरला, पुनर्जन्म. म्हणून रेनेसाँसला मी पुनरुज्जीवन म्हणेन, प्रबोधन नाही. प्रबोधन म्हणजे जागं करणं, आणि मराठीत त्याला समाजसुधारणेचा अर्थ इतका चिकटलाय की बॉतिचेल्लीच्या व्हीनसखाली तो वाचून मुलांना कीर्तन आठवेल.

प्रतिसाद ६

पुनरुज्जीवनात अडचण आहे हो. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रबोधनयुगच आहे, मुलं तेच पाठ करून येतात, भिंतीवर वेगळं दिसलं तर त्यांना दोन गोष्टी वाटतील. शिवाय धार्मिक पुनरुज्जीवन या अर्थानेही तो शब्द वापरतात. मी ‘प्रबोधनकाळ, म्हणजे रेनेसाँस’ असं दोन्ही लिहीन.

अतिवास्तववादावर कोणी बोललं नाही अजून. अपोलिनेर या फ्रेंच कवीने 1917 ला ‘सर्रेआलिस्म’ (सरिअ‍ॅलिझम) शब्द काढला, ब्रतों या लेखकाने 1924 ला जाहीरनामा लिहिला. इथे वाद शंभर टक्के बरोबर, जाहीरनामा होता, सभासद होते, बाहेर काढलेले सभासदही होते. पण फ्रेंचमधलं ‘सर’ म्हणजे वर, पलीकडे. आपला ‘अति’ संस्कृतात पलीकडे जाणं दाखवतो (अतींद्रिय, अतिक्रमण) पण रोजच्या मराठीत अति म्हणजे फाजील, जास्त. मग हुबेहूब फोटोसारखी चित्रं काढणाऱ्या हायपररिअ‍ॅलिझमला काय म्हणणार? त्यालाही लोक अतिवास्तववादच म्हणतात, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या पार उलट आहेत. दालीची वितळलेली घड्याळं आणि स्टीलच्या ग्लासावरचं हुबेहूब प्रतिबिंब, दोन्हीखाली एकच पाटी! मी ‘वास्तवापलीकडची चित्रं’ असं साधं लिहीन आणि सरिअ‍ॅलिझम हे नाव ठेवीन.

दादाइझम लिहिणार असाल तर ‘डाडा’ लिहा. 1916 ला झुरिचच्या कॅबरे व्होल्टेअरमध्ये ही कलाचळवळ सुरू झाली. फ्रेंच बाळबोलीत डाडा म्हणजे लाकडी घोडा. आपल्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ नाहीतर गल्लीतला दादा, ‘दादावाद’ वाचून अर्थाचा अनर्थ होईल.

प्रतिसाद ७

अ‍ॅब्स्ट्रॅक्टसाठीचा अमूर्त हा शब्द माझ्या मते सगळ्यात चांगला जमलाय, आणि सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो. मूर्त म्हणजे ज्याला आकार आहे, म्हणून अमूर्त म्हणजे निराकार असं लोक धरून चालतात. पण मोंद्रियानच्या चौकटींना आकार नाही असं कोण म्हणेल? अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या मुळाशी काढून घेणं आहे, अर्क काढणं. मोंद्रियानची झाडं क्रमाने लावा ताई, जमलं तर: आधी लाल झाड, मग 1911 चं राखाडी झाड, मग 1912 चं बहरलेलं सफरचंदाचं. पहिल्यात फांद्या आहेत, दुसऱ्यात फांद्यांची वळणं उरलीत, तिसऱ्यात नुसत्या कमानी एकमेकींत गुंतलेल्या, झाड शोधावं लागतं. झाड काढून टाकलं नाहीये, झाडातून काहीतरी काढून घेतलंय.

आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे, मूळ गोव्याच्या घराण्यातले, जेजेत शिकलेले, त्यांनाही अ‍ॅब्स्ट्रॅक्ट हा शब्द मान्य नव्हता, ते आपल्या कामाला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणायचे. त्याच्या जवळचा विश्वकोशी शब्द ‘अप्रतिरूप’ आहे, कशाचंही प्रतिरूप नसलेलं. तेव्हा मोंद्रियानच्या झाडांना अमूर्त म्हणा आणि गायतोंड्यांना अप्रतिरूप, दोन्ही शब्दांना काम मिळेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं ठरलं ते सांगते. आता मी प्रत्येक नावाला आधी एकच प्रश्न विचारते, हे नाव कोणी ठेवलं. चित्रकारांनी स्वतः जाहीर केलं असेल तिथे वाद लिहिणार. दुसऱ्याने चिडवून ठेवलं असेल तर वाद गाळणार आणि चिडवायला काय म्हटलं ते मराठीत सांगणार. फक्त घनवाद तसाच ठेवतेय, तो मुलांच्या तोंडात बसलाय. स्टिल लाइफला ‘स्थिरचित्र’च, ते मुलांना परीक्षेमुळे पाठ आहे, पण खाली लिहिणार आहे की फ्रेंच लोक त्याला मेलेला निसर्ग म्हणतात, लिंबू-सुरी-मेलेला मासा असं चित्र लावलंय त्याला ते फार शोभतं.

मोनेची पाटी झाली. “क्लोद मोने, 1872, ल हाव्र बंदर. दृक्प्रत्यय चित्रशैली. प्रत्यय म्हणजे जे स्वतःला जाणवलं ते. हे नाव एका पेपरवाल्याने चेष्टेने दिलं.”

आणि ते मोबाइलचं करून बघितलं, कालच्या तासाला. प्रत्यय विचारणारी तीच मुलगी पुढे आली, तिच्याच हातात फोन दिला, तिने फोटो घेतला, रंग काढून टाकला आणि सूर्य गेला. तिने दोनदा रंग परत आणला, दोनदा घालवला. मग म्हणाली, “बाई, मग हा रंग आहे की उजेड आहे?” उरलेला सगळा तास त्यावरच गेला. बरोकची पाटी उद्या लिहीन.