‘ओल्ड नंबर वन’ तीच गाडी आहे का? जुन्या स्पोर्ट्स कारचं अस्सलपण नेमकं कशात?

बखरकार

१९९० साली लंडनच्या हायकोर्टात एका गाडीच्या ओळखीवरून खटला चालला. गाडी बेंटले स्पीड सिक्स, नंबर एमटी ३४६४, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिने फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत मारली. दोन्ही वेळा चालक वूल्फ बार्नाटो; पहिल्या वर्षी त्याच्या जोडीला टिम बर्किन होता, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. एकाच गाडीने ल मां दोनदा जिंकायचा योग त्यानंतर थेट १९६८-६९ मध्ये एका फोर्ड जीटी४० च्या वाट्याला आला.

मालकाने ही बेंटले १ कोटी पौंडांना विकायचा करार केला. घेणाऱ्या कंपनीने ऐन वेळी हात आखडता घेतला. म्हणणं काय, तर ही ती गाडीच नाही. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. ल मांनंतर गाडी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पळत राहिली. इंजिन बदलून आठ लिटरचं बसवलं. १९३२ मध्ये ती बँकिंगवरून, म्हणजे ट्रॅकच्या उतरत्या वळणावरून, बाहेर फेकली गेली आणि चालवणारा क्लाइव्ह डनफी जागीच गेला. मग बार्नाटोने तिच्यावर बंद छपराची दोन दारांची (कूपे) बॉडी चढवून घेतली. कोर्टापुढे आलेल्या तज्ज्ञाच्या मते १९३० च्या गाडीतलं जसंच्या तसं उरलं होतं ते एवढंच: पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम.

न्यायमूर्ती ऑटन यांनी ‘मूळ’ हा शब्द नाकारला, पण गाडी ‘अस्सल’ आहे असा निकाल दिला. ती कधी मोडीत निघून नाहीशी झाली नाही, बदल होत गेले ते एका सलग आयुष्यात, आणि या नावावर हक्क सांगेल अशी दुसरी बेंटले जगात नाही. विकणारा जिंकला.

मला हा निकाल मनापासून पटतो. शर्यतीची गाडी दर शर्यतीनंतर उघडली जाते. जिचा एकही भाग बदलला नाही ती पळलीच नसणार. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो, म्हणून कोणी देऊळ बदललं म्हणत नाही. तुम्हाला काय वाटतं?

शर्वरी_के

देऊळ बदललं म्हणत नाही, कारण गाभाऱ्यातली मूर्ती तीच असते. तुमच्या बेंटलेत मूर्ती कोणती? पेडलचा शाफ्ट?

मी संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम करते, म्हणून जरा तावातावाने लिहितेय. १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया स्वित्झर्लंडमध्ये अस्कोनाजवळ माज्जोरे तलावात बुडालेली होती. जकात थकली म्हणून अधिकाऱ्यांनी १९३६ मध्ये तिला साखळीला बांधून पाण्यात सोडलं, असं सांगतात. साखळी गंजून तुटली आणि गाडी ५३ मीटर खोल तळाशी गेली. १९६७ मध्ये पाणबुड्यांना ती सापडली, २००९ मध्ये वर काढली. तिची एक बाजू गाळात रुतलेली होती आणि दुसरी उघड्या पाण्यात. त्या दोन बाजूंची अवस्था शेजारी शेजारी बघा, सत्तर वर्षांत पाण्याने काय केलं ते वाचता येतं. २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला २ लाख ६० हजार ५०० युरो आले. घेणाऱ्या पीटर मुलिन यांनी ती दुरुस्त केली नाही, आहे तशी संग्रहालयात मांडली.

कोणी तरी ती ‘नवी’ करून पुन्हा चालवली असती, तर आज जगात आणखी एक चकचकीत ब्रेशिया असती आणि ही गोष्ट कायमची पुसली गेली असती. जुना रंग एकदा घासून काढला की परत आणता येत नाही. तुम्ही ज्याला सलग आयुष्य म्हणता, त्याचा पुरावा त्या रंगात असतो.

पाना_तेरा

शर्वरीताई, तलावातली बुगाटी तशीच ठेवली ते योग्यच झालं, त्यावर माझा वाद नाही. पण सगळ्या गाड्यांना तो नियम लावू नका.

मी ऑक्सफर्डशायरमध्ये युद्धापूर्वीच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काम करतोय. उभी राहिलेली गाडी मरते हो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला (बोअरला) धरतात, सील सुकून तडकतात, ब्रेक जाम होतात. त्या काळच्या बेअरिंगा व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतून करायच्या. ते ओतणारे आणि हाताने खरवडून बसवणारे लोक आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. चालत्या गाड्या आहेत म्हणून त्यांना काम आहे आणि काम आहे म्हणून त्यांच्याकडे शिकाऊ पोरं येतात. सगळ्या गाड्या काचेआड गेल्या, तर ही विद्या दहा वर्षांत संपेल. पत्रा राहील, पण तो कसा घडवला ते कुणाला सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात एक १९२८ ची टूरर, म्हणजे उघड्या छपराची गाडी, आली. बॉडीवरचं कापड काढलं तर आतली अ‍ॅश लाकडाची चौकट दाराच्या खांबापाशी भुग्यासारखी. बोट दाबलं की आत जायचं. त्याच खांबाच्या वरच्या अंगाला, कापडाखाली, सुताराने पेन्सिलीने कामाचा नंबर लिहिलेला. जवळपास शंभर वर्षं कुणी पाहिलेला नाही. पाच मिनिटं आम्ही कोणी बोललो नाही. पण खांब बदलावाच लागला, नाहीतर चालत्या गाडीचं दार निखळलं असतं.

कोथरूडकर_सुहास

मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचंय: मग नव्याने बांधलेल्या ‘जुन्या’ गाड्यांचं काय?

१२ फेब्रुवारी १९५७ ला जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली. डी-टाइप या शर्यतीच्या गाडीवरून रस्त्यासाठी केलेल्या एक्सकेएसएस या २५ गाड्या व्हायच्या होत्या, त्यातल्या नऊ आगीत गेल्या आणि सोळाच बाहेर पडल्या. २०१६ मध्ये जॅग्वारने जाहीर केलं की त्या नऊ आता बांधून २५ चा आकडा पुरा करू. एकेका गाडीमागे दहा हजार तास काम, किंमत दहा लाख पौंडांच्या वर. कंपनी तीच, नकाशे तेच, पत्रा हातानेच ठोकलेला. पण माझ्या लेखी त्या २१ व्या शतकातल्या गाड्या आहेत, कितीही सुंदर असोत.

बखरकार म्हणतात तसं सगळं ‘सलग आयुष्या’वर असेल, तर ते आयुष्य सांगणार कोण? कागद. आणि कागद बनवता येतात. चासीवर नंबर ठोकायला अर्धा तास लागतो. एका चासी नंबरवर दोन गाड्या हक्क सांगतात अशी भांडणं या धंद्यात नवी नाहीत. धातू तरी तपासता येतो.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांतही व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं तर हवीतच, शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको अशी अट आहे. म्हणजे ओल्ड नंबर वन इथे आली असती, तर पहिल्याच टेबलावर अडकली असती. मला ती अट बरोबर वाटते.

बखरकार

सुहास, कागद खोटे करता येतात हे खरं, पण म्हणून इतिहास शोधणं सोडायचं का? शर्यतीच्या नोंदी, जुने फोटो, कारखान्याच्या वह्या, विम्याची पत्रं, हे एकमेकांशी ताडून बघावं लागतं. एक कागद बनवता येतो. चाळीस वर्षांचे, वेगवेगळ्या माणसांच्या हातचे, एकमेकांना दुजोरा देणारे कागद बनवणं महाकठीण. एक्सकेएसएसबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. त्या नऊ गाड्यांचं आयुष्य त्या रात्री संपलं. सलगता तुटली, की नाव परत मिळत नाही.

आणि नोंदणीच्या अटीने ओल्ड नंबर वन अडली असती तर तो दोष अटीचा आहे. १९३२ मध्ये झालेला बदल हाही इतिहासच आहे. नव्वद वर्षांपूर्वीचा फेरबदल आणि काल गॅरेजमध्ये केलेला फेरबदल एका मापाने मोजता येत नाही.

शर्वरी_के

इथे तुम्ही माझ्याच बाजूला आलात. १९३२ चं इंजिन इतिहास आहे, म्हणून ते काढून कुणी पुन्हा १९३० चं रूप द्यायला निघालं तर तुम्ही विरोध कराल ना? कारण बहुतेक मालक नेमकं तेच करतात. गाडीला तिच्या सगळ्यात गाजलेल्या दिवसावर नेऊन उभी करतात आणि मधली पन्नास-साठ वर्षं पुसतात.

२०१५ मध्ये पॅरिसला बायॉं या जुन्या गाड्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. गॅरेजमध्ये जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट मांडली होती. १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. धूळ पुसली असती तर काही बिघडलं नसतं, असं म्हणणारे होते. मला ती न पुसणाऱ्या माणसाचा हात हातात घ्यावासा वाटला.

पाना_तेरा, तुमचं विद्या टिकण्याचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक सांगा: तो पेन्सिलीचा आकडा असलेला खांब कुठे आहे?

पाना_तेरा

खरं सांगायचं तर फोटो काढला होता, आणि खांब शेकोटीच्या लाकडांत गेला होता. आमच्याकडे काढलेलं लाकूड तिथेच जातं.

बखरकार

अहो, बघा ना अजून आहे का! गाडी कुणाची ते सांगू नका, पण तो तुकडा आणि फोटो गाडीच्या फाइलबरोबर मालकाकडे जायला हवा. नव्या खांबावरही आतून तारीख आणि सुताराचं नाव घाला. पन्नास वर्षांनी दुसरा कोणी कापड उघडेल तेव्हा त्याला जुनं कुठलं आणि तुमचं कुठलं ते कळेल.

पाना_तेरा

दुपारी जाऊन शोधला. खालचा कुजका भाग जळला. वरचा हातभर तुकडा ढिगाच्या तळाशी ओलसर होता म्हणून वाचला, आकडा अजून वाचता येतो. कागदात गुंडाळून मालकाच्या फाइलशेजारी ठेवलाय. नव्या खांबाचं कापड अजून चढवलेलं नाही, सोमवारी आमच्या सुताराच्या हातात पेन्सिल देतो.