भारमान (गाडी किती भरते ते प्रमाण) कमी म्हणून खेड्यातली मुक्कामी एसटी बंद करावी का?

बालाघाटकर:
माझ्या मते, अजिबात नाही. डोंगरपट्ट्यातल्या आपल्या गावांना रेल्वे नाही. रात्री तालुक्याहून येऊन देवळापुढं थांबायची आणि पहाटे निघायची, ती मुक्कामी गाडी हीच आमची वाहतूक. सकाळी तिच्यात दुधाच्या किटल्या असतात, दवाखान्याला निघालेली म्हातारी असते आणि फाट्यावर चढणाऱ्या अकरावी-बारावीच्या पोरी. पोरींचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतला, म्हणजे मोफत. गल्ल्यात रोकड पडत नाही म्हणून ती फेरी तोट्याची कशी? गाडी बंद झाली की आधी पोरीचं कॉलेज सुटतं, मग घरात स्थळं बघायला लागतात. बीड-जालन्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

स्टेअरिंगवाला:
पोरींचं पटतं, पण महामंडळाचा हिशेबही बघा. महामंडळ ज्यावर चालतं त्या १९५० च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्याचं कलम २२ सांगतं की कारभार व्यवसायाच्या तत्त्वावर चालवा. ४४ आसनांची गाडी पाच-सहा माणसांसाठी किती दिवस पळवायची? वर रस्ता असा की स्प्रिंगचे पाटे तुटतात. रस्ता जिल्हा परिषदेचा, पाट्याचा खर्च आगाराचा. चालक-वाहक डासांत, गाडीतल्याच बाकड्यावर झोपतात आणि पहाटे पुन्हा घाट उतरतात. ही जोखीम प्रवाशांचीपण आहे. २०२१-२२ चा तो लांबलेला संप विसरलात का? पगारच धड होत नव्हते.

बालाघाटकर:
कलम २२ वाचलंत, तर कलम १८ पण वाचा. पुरेशी आणि परवडणारी सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्यच आहे. आणि तोट्याचं म्हणाल, तर राज्य सरकार तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर घेतं. तो ग्रामीण फेऱ्यांना सोडावा. जबाबदारी एकट्या आगार व्यवस्थापकाच्या गळ्यात कशाला?

मांजराकाठ:
दोघंही मोठ्या गाडीवरच अडलात. जिथं माणसं कमी, तिथं टमटम, काळी-पिवळीला रीतसर परवाने द्या. लोक तसेही त्यांनीच जातात.

बालाघाटकर:
जातात, कारण दुसरं काही नसतं. भरल्याशिवाय ती हालत नाही, आणि भरल्यावर माणसं मागं लोंबकळतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. हे फक्त एसटीत. जीपवाल्याला पास दाखवून बघा एकदा. सवलत जाहीर करायची आणि गाडीच पाठवायची नाही, मग ती सवलत कुणाची? लातूर-संभाजीनगर मार्गावरच्या माणसाची. आमची नाही.

मांजराकाठ:
हे मात्र खरं. तरी छोटी बस हवीच, महामंडळाचीच हवी. एवढं धूड अरुंद रस्त्यावर वळतच नाही.

स्टेअरिंगवाला:
छोटी बस चालेल. पण फेरी मागताना ग्रामसभेच्या ठरावात आणखी दोन गोष्टी घाला: रस्त्याची डागडुजी, आणि चालक-वाहकाला पंखा नि संडास असलेली एक खोली. हे ज्या गावात होईल तिथं मुक्कामाला मी स्वतः ड्युटी मागून घेईन. नाही झालं, तर माझा विरोध कायम.